तानबा थूल उठले नाहीत

वडनेरच्या फाट्यावर बंडूजींची चहाची टपरी आहे. २००२ पासून पुढची काही वर्षं त्या टपरीवर बॉक्सिंगची एकच मॅच रोज खेळली गेली. एका कोपऱ्यात तानबा थूल, दुसऱ्यात प्रफुल्ल नगराळे. रिंग नव्हती, पंच नव्हता आणि खेळणाऱ्या दोघांपैकी बहुधा कुणी हजरही नसे.

"तरणा तानबा अन् आताचा प्रफुल्ल, असं धर," बंडूजी गाळणी आपटत म्हणत. "कोण पडते?"

"तानबा," बाकावरचं एखादं गिऱ्हाईक म्हणे. "पोट्ट्याचे पाय पाह्यले का तू?"

"पाय घेऊन काय नाचाले जाचं हाये? तानबाजीचा डावा हात लागला तं बैल खाली बसते."

"बैल बसते. प्रफुल्ल सरकते."

थूल रस्त्यावरून सायकल घेऊन जात तेव्हा हे त्यांच्या कानावर पडत असे. ते थांबत नसत. एकदा मात्र थांबले. सायकल स्टँडला लावून टपरीपर्यंत आले आणि म्हणाले, "तुमाले दुसरे धंदे नाईत का बे?" मग परत फिरले. ते गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "पाह्यलं? भेव हाये हरण्याचं." ही गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारच्या अल्लीपूरला पोचली होती.

थूल तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. वडनेरच्या बौद्ध वस्तीत जन्म, एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती. तिथल्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात त्यांना रिंगमध्ये ढकललं आणि पुढची अकरा वर्षं ते पलटणीकडून खेळले. १९९२ मध्ये गावी परतले ते नाकाचं हाड वाकडं, हातमोज्यांचे दोन जुने जोड आणि कमालीचा तापट स्वभाव घेऊन. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात राखणदाराची नोकरी मिळाली. विहाराच्या आवारातल्या कडुलिंबाला त्यांनी बारदानाचं एक पोतं टांगलं, त्यात चिंध्या आणि सरकी भरली आणि वस्तीतल्या मुलांना ठोसे शिकवायला सुरुवात केली. उशिरा येणाऱ्याला ते हाकलून देत. हसणाऱ्यालाही. टिकली ती चार-पाच मुलं, आणि त्यातला एक प्रफुल्ल.

प्रफुल्ल हा लहानू नगराळे यांचा धाकटा मुलगा. उंच, हाताने लांब आणि एकदा दाखवलं की शिकणारा. फौजेतल्या रिवाजाप्रमाणे तो थूलांना उस्ताद म्हणे. २००१ च्या हिवाळ्यात सराव करताना थूलांच्या हातमोज्याची नाडी सुटली आणि तिचं पत्र्याचं टोक प्रफुल्लच्या उजव्या भुवईत घुसलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन टाके घातले. जखम भरली, केस आले, खूण झाकली गेली. पण हाडावरची कातडी तिथे पातळच राहिली. पुढच्या वर्षभरात ती दोनदा उघडली: एकदा सरावात, एकदा नुसतं टॉवेलने तोंड पुसताना.

बॉक्सिंगमध्ये भुवई फुटणं ही लहान गोष्ट नसते. रक्त डोळ्यात उतरतं, डॉक्टर रिंगमध्ये येतो आणि खेळ थांबतो. ज्याची भुवई फुटली तो हरतो, मग तोवर तो कितीही पुढे असो. थूलांनी प्रफुल्लला दोन गोष्टी बजावल्या. खूण आहे हे कुणाजवळ बोलायचं नाही. आणि उजवा हात भुवईपासून हलवायचा नाही. "हात खाली आला तं घरी जाजो. परत येऊ नको." हात खाली आला की ते पोत्याजवळच्या वेताच्या काठीने कोपरावर मारत. प्रफुल्लने २००२ मध्ये राज्यस्तरावर पदक आणलं ते त्या हातामुळे, असं थूल मानत.

तेव्हा टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. पहिल्या राउंडला डाव्या हाताचा एक सरळ ठोसा, भुवईवर. बस. तरणा तानबा तर सोडाच, शेहेचाळिसाव्या वर्षीचा तानबाही हे करू शकला असता, कारण हात कधी खाली येतो हेही त्यांनाच ठाऊक होतं. पण हे उत्तर टपरीवर दिलं असतं तर आठवड्याभरात नागपूरच्या प्रत्येक आखाड्यात पोचलं असतं. म्हणून ते गप्प राहिले आणि गप्प राहिल्याबद्दल भित्रे ठरले. त्यांचा संताप होता तो यावर.

२००३ च्या पोळ्याला प्रकरण टपरीवरून मैदानात आलं. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, वडनेरला कुस्त्यांची दंगल भरते. तिथला रिवाज असा: ज्याला जोड हवी तो हात वर करून मैदानाला फेरी मारतो. ज्याच्यासमोर तो थांबेल त्याने उठून हातावर हात मारायचा. तो उठला नाही, तर वाजंत्री वाजते, नारळ फेरी मारणाऱ्याला मिळतो आणि बसलेला हरला असं गाव धरून चालतं. त्या वर्षी दंगल भरवणारा होता भूपेंद्र, बी-बियाण्यांचा दुकानदार. विहाराच्या आवारातल्या बॉक्सिंगची त्याने त्याआधी दहा वर्षांत कधी चौकशी केली नव्हती. वस्तीतल्याच दोघांना एकमेकांसमोर उभं करता येतं म्हटल्यावर त्याला ती आठवली.

प्रफुल्लला त्याने मैदानात बोलावलं ते सत्कारासाठी. हार घातला, टाळ्या झाल्या. मग भूपेंद्रने त्याचा उजवा हात मनगटाशी धरून वर केला आणि फेरी सुरू केली. प्रफुल्ल हसत होता. त्याला कळलं असेल किंवा नसेल. माइकवर कुणी तरी म्हणालं, "आता पाहू बरं, नवं खोंड जबर का जुना बैल." फेरी थूलांसमोर येऊन थांबली.

"उठा तानबाजी," भूपेंद्र म्हणाला. "गावाची इच्छा हाये."

"उठा ना उस्ताद," प्रफुल्ल म्हणाला. "हलकंच खेळू."

थूलांनी पायातल्या चपला काढल्या होत्या. शेजारी बसलेल्या नत्थूने ते पाहिलं आणि डाव्या हाताची मूठ वळलेली पाहिली. "मले वाटलं, आता पोट्टा मेला," नत्थू आजही सांगतो. हलकं खेळण्याइतका राग कमी नव्हता, हे स्वतः थूलही मान्य करतात. समोर प्रफुल्लचा उजवा हात भूपेंद्रच्या मुठीत होता, आभाळाकडे. भुवई उघडी होती. आणि तीन आठवड्यांनी फौजेच्या खेळाडू भरतीची चाचणी होती. ताज्या जखमेला तिथला डॉक्टर दारातूनच परत पाठवतो.

"हात खाली घे बे," थूल म्हणाले.

लोकांना ती विनवणी वाटली. वाजंत्री वाजली. नारळ प्रफुल्लच्या हातात दिला गेला आणि तो त्याने घेतला.

घरी पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या, "उठले काऊन नाई? लोक आता जगू देतीन का?" दुसऱ्या दिवशी थूलांनी कडुलिंबावरचं पोतं उतरवलं आणि सरकी गुरांना घातली. विहारातला वर्ग त्या दिवशी बंद झाला तो कायमचा. प्रफुल्ल चाचणीत निवडला गेला. निघण्याआधी तो पाया पडायला आला तेव्हा थूल दारातून उठून मागच्या अंगणात गेले. हे त्याग वगैरे होतं असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नाही. "त्याच्यासाठी नाई बसलो. उठलो असतो तं त्याले फोडला असता, अन् भूपेंद्रले तेच पाह्यचं होतं."

२००९ मध्ये खांदा निखळून प्रफुल्लचा खेळ संपला. नोकरी राहिली, पोट सुटलं. सुटीवर आलेला असताना तो बंडूजींच्या टपरीवर बसला होता आणि थूल सायकलवरून उतरून आत आले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सहा वर्षं पोटात ठेवलेलं उत्तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं: भुवई, डावा हात, पहिला राउंड.

टपरी हसली. "हे तं हरल्यावरचं बोलणं झालं, तानबाजी," बंडूजी म्हणाले आणि चहा ओतायला वळले.

प्रफुल्लही हसला. "उस्ताद, भुवईचं खरं हाये. पण तुमचा हात तिथवर पोचलाच नसता."

थूलांनी हात उचलला नाही. डावा खांदा तेवढा पुढे टाकला, चार बोटं इतकाच. प्रफुल्लच्या उजव्या हातातला कप खाली पडला. हात भुवईवर गेला होता.

प्रफुल्लने तो बराच वेळ काढला नाही. त्याच्या पँटवर चहा सांडला होता. थूल सायकलकडे निघाले होते.

आवाज ऐकून बंडूजी वळले. कप उचलून त्यांनी बादलीत टाकला आणि म्हणाले, "ते जाऊ द्या. पण तरणा तानबा असता तं?"