राजाची घागर

विलायतेच्या राजाचं पितर आमच्या असोद्याच्या घरी जेवून गेलं, आणि त्याला पुरणपोळ्या मी वाढल्या. खोटं वाटेल, पण तुम्हाला माझे सासरे माहीत नाहीत!

आबा गावचे पोलीस पाटील. गावात पाटील, घरात बादशहा! राजाची तसबीर देवघराच्या वर (देव खाली!). राजाच्या वाड्यातली घड्याळं अर्धा तास पुढे असतात, असं कुठल्याशा साहेबानं सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमचंही घड्याळ अर्धा तास पुढे. सारं गाव बाराला जेवायचं, आम्ही साडेअकराला.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक दिवस ती तसबीर उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"या घरात राजा राहीन, नई तं तू!" आबा गरजले. "आजपासून तू या घरचा नई!"

हे धुळ्याला एका खादीच्या दुकानात जाऊन राहिले. मी राहिले राजापाशी. चार महिने त्या घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. भाकरी भाजताना मी तव्याशी बोलायचे. तवा निदान चटका तरी द्यायचा!

अशात राजा वारला, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, आणि बाहेरच्या एखाद्याला त्याचं पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात.

"राजा म्हंजे बाप," आबा म्हणाले. "बापाची घागर भरा लागते!"

झालं! आखाजीला साऱ्या लेकी माहेरी झोक्यावर, आणि माझं माहेर रद्द. राजासाठी पुरण कोण वाटणार?

पण पितर म्हणून बसणार कोण? शेजारच्या नानांनी हात जोडले. "आबा, उद्या सायबानं इचारलं, तू राजा कवा झाला, तं मी काय सांगू?"

गावात एकही माणूस राजा व्हायला तयार होईना. तेव्हा मला अक्कल सुचली. (ती मला नेहमी अशा वेळीच सुचते.) मी गुपचूप धुळ्याला पोस्टकार्ड टाकलं.

आखाजीला ताट वाढलेलं, आणि हे खादीची टोपी घालून दारात हजर!

"तू कसा आला?" आबा.

"पितर म्हनून. तुमीच म्हनले ना, मी या घरचा नई? पितर तं बाहेरचंच लागते."

दारात आलेल्या पितराला उपाशी कसं धाडणार? आबांनी डोळे मिटून पोराचे पाय धुतले. अर्धं पाणी स्वतःच्याच धोतरावर ओतलं! मी पदराआडून पोळ्या वाढत होते. चार महिन्यांनी नवरा-बायकोचं बोलणं झालं ते एवढंच: "वाढू?" "वाढ." मला रडू येत होतं, आणि पोळी मात्र पाचवी होती.

रीतीप्रमाणे शेवटी आबांनी विचारलं, "पोट भरलं का महाराज? काही राह्यलं का?"

"भरलं," हे ढेकर देऊन म्हणाले. "हिंदुस्थानात लई खाल्लं. आता आमी निघतो!"

ओट्यावर नाना हसून हसून आडवे! आबांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील, राह्य रे पोरा. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

आबांनी घड्याळाकडे पाहिलं. "निघाच. पितर मुक्कामी राहत नई. आन् धुळ्याची गाडी चुकीन."

हे गेले. घड्याळ अर्धा तास पुढे होतं, त्यामुळे जळगाव स्टेशनच्या बाकावर अर्धा तास एकटेच बसून होते, असं पुढे कधीतरी म्हणाले. तो अर्धा तास मी इकडे त्यांच्या उष्ट्या ताटापाशी बसून काढला.

पुढे इंग्रज गेले तेव्हा गावात पेढे वाटले. मी कुणाला बोलले नाही, पण राजाला घराबाहेर काढण्यात साऱ्या असोद्यात पहिला नंबर माझाच! फक्त त्या राजाच्या आत माझा नवरा बसलेला होता, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं नाही.