वीतभर उघडं दार

गोदूबाई बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी बाळंतिणीकडे बघायची नाही, वर छपराकडे बघायची. माझ्या सासूबाईंना त्याचा भयंकर राग. "पोर काय आढ्यातून पडणार आहे?" म्हणायच्या. गोदूबाई तिकडे लक्षच द्यायची नाही. छपरावरच्या मातीच्या नळ्यांमधून, त्या गोल कौलांमधून, कुठे उजेडाची तिरीप दिसली तरच पदर खोचून कामाला लागायची. नाही दिसली, तर गड्याला वर चढवून एक नळा सरकवायला लावायची.

ही सवय लोकांना खुपे. एखाद्याचा जीव जाता जात नसला की नळा सरकवून त्याला वाट करून द्यावी, अशी आमच्याकडची समजूत. तेच बाळंतिणीच्या डोक्यावर करायचं म्हणजे यमाला पाट मांडून बोलावण्यासारखं. पण गोदूबाईवाचून पंचक्रोशीत कुणाचं पान हलत नव्हतं, म्हणून सोसत. वरच्या वाडीतली ही कुणब्याची विधवा, पन्नाशीची, उंच, नुसती हाडांची चौकट, आणि तोंडाने फटकळ. पाचव्या महिन्यापासून दर सोमवारी यायची. पोटुशीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त आहे का बघायची, घोट्यावर अंगठा दाबून सूज आहे का बघायची. सासवांना तोंडावर सुनवायची, "पोटुशीला कसली एकादशी? नाचनीची भाकर न् पाला वाडा तिला." नाळ कापायची सुरी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय हातात धरायची नाही. अशी बाई आमच्या वाट्याला आली होती, आणि आम्ही तिचं ऐकलं नाही.

सन एकतीसच्या आषाढात माझी नणंद कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती सतरा वर्षांची, मी एकोणीस. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य म्हणतात. आमचं तसं नव्हतं. पोट सांभाळत ती माझ्याशी सागरगोटे खेळायची आणि हरली की चिडून माझाच सागरगोटा लपवायची. तिचा नवरा मुंबईला कारकून. त्याचं पत्र आलं की आधी मला वाचून दाखवायची, मग स्वतः परत वाचायची.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, घराचं छप्पर बदललं होतं. नळे जाऊन बंदरावरून आणलेली मंगलोरी कौलं आली, एकात एक बसलेली. त्यांच्या खाली फणसाच्या फळ्यांची तक्तपोशी, खिडक्यांना काचा. आल्यागेल्याला आप्पा घर दाखवत. "मुंगी शिरेल तर शपथ!" म्हणत.

गोदूबाईने त्या खोलीत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आप्पा, येक फळी काडा. वरचं येक कौल सरकवा."

"गोदू, ते नळे नव्हेत. एक काढलं तर सगळी ओळ हलते."

सासूबाई तर उसळल्याच. "माझ्या लेकीच्या डोक्यावरचं कौल काढायला ती काय मरायला टेकल्ये? अभद्र मेली!"

गोदूबाई कुसुमच्या घोट्याची सूज बघायला खाली बसली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

श्रावण लागला त्या सकाळी कुसुमला मुलगा झाला. बाळंतपण इतकं सुखरूप झालं की तासाभरात ती मला सागरगोटे आण म्हणाली. मग न्हाऊमाखू सुरू झालं. रोज सकाळी गोदूबाई तिला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घाली, बाजेवर निजवी, आणि शेकासाठी बाजेखाली शेगडी ठेवली जाई. पूर्वी लाकडाचे निखारे असत. या वेळी नवी तक्तपोशी काळी होईल म्हणून आप्पांनी कोळशाची पोती आणवली होती.

"लाकडाचा इस्तव खोकायला लावतो, तो बरा," गोदूबाई मला म्हणाली. "ह्यो मुका हाय."

तिसऱ्या दिवशी कुसुम म्हणाली, "वैनी, डोकं जड झालंय गो. मळमळतंयही."

सासूबाईंनी लगेच तिच्या कानांवरून फडकं आवळलं आणि खिडकीच्या फटींत कापूस भरला. बाळंतिणीला वारा लागला, दुसरं काय! चौथ्या दिवशी डोकं जास्तच दुखलं, तेव्हा कापूसही जास्त भरला. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"वारा शिरला नाय, वारा संपलाय," गोदूबाई म्हणाली. तिचं कुणी ऐकेना, तेव्हा तिने आपला उपाय काढला. शेगडी आत गेली की ती उंबऱ्यावर बसकण मारायची आणि दाराच्या फटीत आपलं पाऊल घालून ठेवायची. वीतभर दार उघडं. निखारे राखाडले की शेगडी बाहेर काढायची आणि मगच उठायची. सासूबाई ओरडायच्या, शिव्या द्यायच्या. पाऊल हलायचं नाही. कुसुमची डोकेदुखी थांबली. का थांबली, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नवव्या दिवशी न्हाणं आटपतंय तोच खाडीपलीकडून निरोप आला. कुणी बाई अडली होती. गोदूबाई निघाली. जाता जाता माझा दंड धरला. तिची बोटं हाडापर्यंत रुतली.

"वैनी, मी न्हाय तर तुमी बसा. दार वीतभर उगडं ऱ्हाव द्या. इस्तव राखाडला का शेगडी भायेर. इसरू नका हां."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

शेगडी आत गेल्यावर थोडा वेळ बसलेही. बाळाला उचकी लागली म्हणून सासूबाई त्याला माजघरात घेऊन गेल्या. मग पावसाची झड आली आणि दारातून गार वारा आत घुसला. कुसुम कुडकुडली.

"लाव ना गो दार. थंडी वाजत्ये. किती दिवसांत धड झोपले नाहीये."

मला तिची दया आली. मी दार लावलं. खालच्या फटीतून वारा येतच होता, म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी त्या फटीत घट्ट कोंबली. मायेनेच कोंबली. आणि तिच्यासाठी अळिवाची खीर करायला गेले.

मध्ये एकदा दार किलकिलं करून पाहिलं. कुसुम शांत झोपली होती. गाल कसे गुलाबी झाले होते! इतक्या दिवसांचा फिकेपणा कुठल्या कुठे गेला होता. मला बरं वाटलं. झोपमोड नको म्हणून दार पुन्हा लावलं आणि चिंधी जागच्या जागी बसवली.

खीर घेऊन गेले तेव्हा ती उठली नाही. हाक मारली, हलवलं. गाल तसेच गुलाबी होते.

दुपारी गोदूबाई भिजत आली. घरात आकांत चालला होता. तिने छपराकडे पाहिलं नाही, खाली उंबऱ्याकडे पाहिलं. चिंधी अजून तिथेच होती. ती वाकली, चिंधी उचलली, कमरेला खोचली आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. तेवढ्यात मला सगळं कळलं.

सासूबाई तिच्या अंगावर धावल्या. "तूच बोलावलंस मरण! कौल काढा म्हणालीस तेव्हाच!" गोदूबाईने ऐकून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. चिंधी मीच कोंबली होती, हे मी सांगितलं नाही.

गावभर तेच झालं. गोदूबाई अवलक्षणी ठरली, तिला बोलावणी येईनाशी झाली. कुसुमचा दत्तू माझ्याच अंगाखांद्यावर वाढला. तो हसला की कुसुमच हसल्यासारखं वाटे.

तीन वर्षांनी मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच, त्याच खोलीत. "गोदू नको," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा मी बोलले. दार, चिंधी, खीर, गुलाबी गाल, सगळं सांगितलं. सासूबाई उठल्या आणि गड्याला शिडी आणायला सांगितलं. आप्पांनी फळी स्वतः काढली. गोदूबाईला बोलावणं गेलं.

ती आली, वरची तिरीप पाहिली आणि कामाला लागली. मला मुलगी झाली. पहिल्या न्हाणानंतर शेगडी आत आली, तशी ती उंबऱ्यावर बसली आणि तिने पाऊल फटीत घातलं.

"गोदूबाई, तुला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं. "मग का बोलली नाहीस? एवढ्या शिव्या कशाला खाल्ल्यास?"

तिने फटीतलं पाऊल आणखी पुढे सारलं. पायाला गार वारा लागत असावा, तरी पाय घेतला नाही.

"माजी लेक चिमा, पयल्या बाळंतपनाला आली व्हती," ती म्हणाली. "पावसाची झड येते म्हनून कुडाची भोकं शेनान लिपली, न् खाली इस्तव ठेवला. सकाळी ती न् तिचं पोर, दोगंबी गेलेली. भोकं मीच लिपली व्हती, वैनी. मना कुनी इचारलं नाय. मीबी कुनाला सांगितलं नाय."