गप्प उभी राहणारी पिन

आमच्या ह्यांना पुन्हा कपाशी लावायची होती, आणि पोरगी त्यांचं मन वळवायला घरी आली होती. एवढं सरळ होतं. पण घरात सरळ बोलत कोणीच नव्हतं.

लागोपाठ दोन वर्षं बोंडात गुलाबी अळी निघाली. दुसऱ्या वर्षी फवारता फवारता हे धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच पडले, आठ दिवस दवाखान्यात काढले, आणि तेव्हापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टरनं बजावलं, पंप पाठीला लावायचा नाही. ह्यांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं? उन्हाळा सरत आला तसे हे रोज सकाळी वावरात जाऊन काडीकचरा वेचू लागले, तेव्हाच मी समजले.

पोरगी चिप बनवणाऱ्यांकडे कामाला. महिनाभर घरूनच काम करते म्हणाली. बाजेवर मांडी घालून बसायची, आणि हे समोर भिंतीला टेकून. दोघंही एका मातीचे, आधी कोण बोलणार?

शेवटी ह्यांनीच विचारलं, "काय करून राह्यली व दिवसभर? नुसतं टकटक."

"पिना लावून राह्यली, बाबा."

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मी ज्वारी निवडत ऐकत होते. जेवढं समजलं तेवढं सांगते. चिपमध्ये वावराच्या तुकड्यांसारखे चौकोन असतात. एकातून दुसऱ्यात तारांचं जुडगं जातं, त्याला ते लोक बस म्हणतात. तार जिथून चौकोनाबाहेर पडते, तिथं पिन. आधी ती एकेक पिन हातानं काढायची, नाव द्यायची, आणि साठाव्या-सत्तराव्या पिनेला नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आता तिनं वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. बटन दाबलं की एकशे अठ्ठावीस पिना सारख्या अंतरानं, नावानिशी, ओळीत उभ्या. पहिलीचा नंबर शून्य.

"शून्य काऊन?"

"इथं मोजणी तशीच असते."

"मंग तू आमची शून्य नंबरची पोरगी." मोठी तीच ना. तिघंही हसलो, किती दिवसांनी.

मग ह्यांचं थरथरतं बोट एका जागी थांबलं. "हे मधात दुसऱ्या रंगाची कोणती? दर आठ झाल्या का एक दिसते."

"ते ग्राउंडची. तिच्यातून निरोप जात नाही. नुसती गप्प उभी राह्यते."

"मंग जागा काऊन वाया घालवतं? तिथं बी कामाची लाव."

"म्या पयले तेच केलं होतं. साहेबानं परत पाठवलं. ते मधात नसली का बाजूबाजूच्या तारा एकमेकीले बिघडवतात, सारं जुडगंच वाया जाते. मंग स्क्रिप्टमधी दोन ओळी टाकल्या. आता मी विसरली तरी ते विसरत नाही."

ह्यांनी बोट मागं घेतलं. का ते मला लगेच कळलं. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या, बिगर-बीटी सरकीची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या चारही बाजूंनी लावायची, अळीसाठी; म्हणजे अळी बीटीला सरावत नाही. मी शाळेत गेले नाही, पोरीच्याच पुस्तकांवरून अक्षरं शिकले, तरी पुडीवरचं ते सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. हे म्हणाले होते, "अळी पोसाले वावर हाय काय?" आणि पुडी उकिरड्यावर. दरवर्षी.

"आपण त्या पुड्या फेकल्या," हे म्हणाले.

"सगळ्यायनंच फेकल्या, बाबा. एकट्यानं लावून काय झालं असतं?"

"सगळ्यायचं नोको सांगू. मी काय केलं ते सांगून राह्यलो."

पोरीनं लॅपटॉप मिटला. बापाला पटवायला किती बोलणं जमवून आणलं होतं तिनं. त्यातला एक शब्द काढला नाही. बरं केलं.

शेजारच्या वावराचे भाई आमचं वावर वर्षभर कसायला मक्त्यानं मागायला दोनदा येऊन गेले होते, दोन्ही वेळा ह्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच त्यांना बोलावलं. "औंदा तुमी करा," म्हणाले, "फक्त ते पुडी फेकू नोका."

भाई खाली बघत म्हणाले, "भाऊ, औंदापासून पुडी कुठं येते? लोक लावतच नव्हते, म्हून कंपनीच ते साधी सरकी पाकिटात मिसळून देते."

"बरं झालं," हे म्हणाले. "आपल्या हातात ठेवलंच नाही." आणि उठून आत गेले.

पोरगी परत गेली. पाऊस झाला, आणि टोबणीच्या, म्हणजे सरकी लावायच्या दिवशी मी ह्यांना चक्कीवर जाते असं सांगून वावरात गेले. धुऱ्याकडचा पहिला तास, म्हणजे लावणीची पहिली ओळ, लग्न झाल्यापासून माझा. भाईंच्या बायकोनं काही न विचारता सरकीची ओटी माझ्या हातात दिली. तेवढी माझी ओळ लावली, आणि परतताना नाल्यावर पाय धुतले.

घरी आले तर हे बाजेवर. "दळण कुठं हाय?"

"चक्की बंद होती."

ह्यांनी माझ्या लुगड्याच्या ओल्या काठाकडं पाहिलं, आणि सरकून मला बसायला जागा केली.

"ओल किती खोल हाय?"

"वीतभर," मी म्हणाले.