आक्का आणि पाण्यातला जोड

आक्कांना वायर नुसती बघता येत नसे. हातात घेऊन वाकवल्याशिवाय आणि जमलं तर टोक नखाने सोलल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माझ्या लग्नात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि आक्कांच्या मुठीत लाउडस्पीकरची वायर. ती त्यांच्या खुर्चीच्या पायाशी आली होती, एवढाच तिचा गुन्हा. तीनदा इकडे, तीनदा तिकडे वाकवून त्यांनी शेजारच्या बाईंना निकाल सांगितला, "ही अक्षता पडंपस्तोर टिकंल. सत्काराच्या वेळंला बंद पडंल." आणि पडली. आमच्याकडच्या लग्नांत सत्कार किती लांबतात ते ठाऊक असलेल्या अर्ध्या मंडपाने त्या वायरला मनोमन दुवा दिला.

आक्का माझ्या कारखान्यात होत्या. कारखाना म्हणायचा आपला. वाळूजला पत्र्याचं एक शेड, दोन लांब टेबलं, सहा बाया आणि मी. बोअरच्या मोटरीसाठी आम्ही कंट्रोलर बनवायचो. बोअरमध्ये वायर सोडायची. तिच्या टोकाला पाणी लागत असेल तोवर मोटर चालू राहते, पाणी खाली गेलं की आपोआप बंद होते आणि कोरडी फिरून जळत नाही. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूकडे पसरत होतं आणि पाणी तितक्याच वेगाने खाली चाललं होतं. बिल्डर पाया खणायच्या आधी बोअर पाडत. लोक टँकरच्या मागे धावत होते आणि माझा धंदा जोरात चालला होता, हे सांगताना आजही जरा अवघडायला होतं.

आक्का फुलंब्रीहून रोज सकाळच्या बसने यायच्या. त्याआधी चिकलठाण्याला टीव्हीच्या एका कारखान्यात त्या सोल्डरिंगच्या लाइनवर होत्या. तो बंद पडला आणि लाइनवरच्या बाया वाटेल तिकडे पांगल्या. कुणी पापड लाटायला बसली, कुणी कुणाच्या घरी पोळ्या करायला लागली. मी वैजापूरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. आपल्याला सगळं येतं अशा ऐटीत मी त्यांची मुलाखत घ्यायला बसलो. त्यांनी पगार विचारला नाही, वेळ विचारली नाही. "आधी वायर दाखवा," म्हणाल्या. मी मोठ्या कौतुकाने लाल वायरचं बंडल पुढे केलं. त्यांनी ब्लेडने टोक खरवडलं, तर वरच्या तांब्याखालून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. "ही नापास," असं म्हणून त्यांनी बंडल टेबलाखाली सरकवलं आणि पदर खोचून कामाला बसल्या. मुलाखत त्यांनी घेतली होती, हे मला दुपारी डबा खाताना कळलं.

दर महिन्याला वायर घ्यायला आम्ही दोघं पैठण गेटजवळच्या एका दुकानात जायचो. दुकानदार चाचा आक्कांना पाहिलं की आधी चहा सांगायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. "आपा, एकदम असली माल है, आँख बंद करके ले जाओ."

"डोळे मिटून घ्यायला म्या आंधळी हाय व्हय? तुमची सोल्डरिंग गन लावा."

चाचा निमूटपणे गन तापवायचा. आक्का अर्धा इंच वायर सोलून तिला शिसं लावायच्या. तार तांब्याची असावी आणि तिला आधीच कल्हई केलेली असावी, हा त्यांचा पहिला नियम. शिसं कसं झटकन धरलं पाहिजे. थेंब होऊन घरंगळलं की ती वायर नापास. दुसरी नजर वरच्या प्लास्टिकवर. गनच्या उष्णतेने ते मागे आकसलं की त्या चाचाकडे बघायच्या, "जरा ऊन लागलं की हिचं लुगडं गुडघ्यावर. हिला चारचौघांत कसं न्यावं?" चाचा हसून दुसरं बंडल काढायचा. तिसऱ्याचौथ्या बंडलाला बहुधा जमायचं. मला मात्र दर वेळी वाटायचं, एवढ्या वेळात वाळूजला जाऊन दोन कंट्रोलर झाले असते.

सिंगल वायर की मल्टी, यावर तर त्या नव्या बायकांची शाळाच घ्यायच्या. सिंगल म्हणजे आत एकच जाड तार, मल्टी म्हणजे केसासारख्या बारीक तारांचा झुबका. बोर्डावर जी एकदा बसली की हलणार नाही तिथं सिंगल चालते. जी लोंबणार, ओढली जाणार, मोटरीबरोबर थरथरणार तिथं मल्टीच पाहिजे. "ताठ मानंचं माणूस रोजच्या हेलकाव्यात मोडतंय गं," त्या म्हणायच्या, "बारक्या तारा एकमेकीला धरून ऱ्हातात." मल्टीलाही शिसं बेताने लावायचं. जास्त लावलं तर ते तारांमधून प्लास्टिकच्या आत चढतं, वायर तिथं कडक होते आणि नेमकी त्याच जागी तुटते. हे मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, मी कॅन्टीनमध्ये असेन.

पण त्यांचा सगळ्यात कडक नियम बोअरमध्ये सोडायच्या वायरीचा होता. कितीही लांब लागू दे, ती अख्खी पाहिजे. "पाण्यात जोड नाय," हे त्या इतक्या वेळा म्हणत की बाकीच्या बायका त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायच्या. टेप कितीही गुंडाळा, पाणी आत शिरतंच, तांबं हिरवं पडतं आणि जोड आतून कुजतो.

अशाच एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शहराच्या टोकाच्या सातारा परिसरातल्या एका सोसायटीचं काम मिळालं. बारा बिल्डिंगी होत्या. पहिल्या चार बिल्डिंगींना कंट्रोलर लावून बघायचे, नीट चालले तर उरलेल्या आठही आमच्याच. इतकं मोठं काम आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते नसतं तर शेडचं भाडंही निघालं नसतं. बोअरमध्ये आम्ही वायरी सोडणार तेवढ्यात तिथलं पाणी आणखी खाली गेलं. आमच्या कापून ठेवलेल्या वायरी तोकड्या पडल्या. चाचाकडे तसली वायर संपली होती, मुंबईहून माल यायला आठ दिवस. सोसायटीचे लोक रोज फोन करत होते.

"आठ दिवस थांबा म्हणावं त्यांला," आक्का म्हणाल्या.

"थांबणार नाहीत आक्का. दुसऱ्याला काम देतील. तुकडे आहेत आपल्याकडे, नीट जोडू, वरून चांगली टेप मारू. दोन महिन्यांनी पाऊस आला की बदलून टाकू."

"पाण्यात जोड नाय. म्या नाय मारणार आन् माझ्या बायांलाबी मारू देणार नाय."

त्यांनी नाही मारला. रविवारी शेड बंद असताना मीच गेलो आणि चारही वायरींना एकेक तुकडा जोडला. सोल्डरिंग सुरेख झालं होतं. टेपचे चार वेढे दिले आणि सोमवारी एकट्यानेच जाऊन वायरी बोअरमध्ये सोडून आलो. आक्कांनी विचारलं तेव्हा म्हणालो, चाचाने कुठूनतरी माल काढून दिला. माझ्याकडे एकदा बघून त्या पुन्हा हातातल्या बोर्डाकडे वळल्या.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका बिल्डिंगीतला जोड कुजला. बोअरमध्ये पाणी होतं, पण कंट्रोलरला ते दिसेना, म्हणून मोटर सुरू होईना. बिल्डिंगीतले लोक खाली जमले, ओरडाआरडा झाला, तेव्हा वॉचमनने कंट्रोलर बाजूला काढून मोटर सरळ लाइनवर जोडली आणि तो जेवायला गेला. बोअरमध्ये थोडंच पाणी होतं. ते उपसलं गेलं, मोटर कोरडी फिरली आणि जळाली. भर मे महिन्यात ती बिल्डिंग तीन दिवस टँकरवर होती. चौथ्या मजल्यावर म्हातारी माणसं कळशा चढवत होती.

आम्हाला बोलावणं आलं. मी निघालो तर आक्का पिशवी घेऊन रिक्षात येऊन बसल्या. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, बोलायला सौम्य. त्यांनी बोअरमधून ओढून काढलेली वायर हातात धरली होती. टेप सुटली होती आणि माझा सुरेख जोड शेवाळासारखा हिरवा झाला होता. आजूबाजूला तीसेक माणसं, कडेला खाली मान घातलेला वॉचमन.

"सरळ सांगा," सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही अख्ख्या वायरीचं काम दिलं होतं. हा तुकडा तुम्ही जाणूनबुजून लावलात की कामगाराच्या हातून चूक झाली? चूक असेल तर माणूस चुकतो, आम्ही समजून घेऊ. फसवणूक असेल तर तुमचं सामान आजच उचला."

मी तोंड उघडलं.

"माझ्याकडून झालं सायेब," आक्का म्हणाल्या. "वायर कमी पडली, म्या तुकडा लावला. या भाऊंला ठावं नव्हतं."

सेक्रेटरींनी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. इतक्या वर्षांचा अनुभव सांगता आणि एवढंही कळत नाही का, वगैरे. आक्का पदर सारखा करत ऐकत उभ्या राहिल्या. मी शेजारी उभा होतो. काम आमच्याकडेच राहिलं.

परत येताना रिक्षात मी पुटपुटलो, "आक्का, तुम्ही कशाला..."

"सहा जणी हायेत आपल्या शेडात," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "एक कारखाना बंद पडलेला म्या पाहिलाय. दुसरा नाय बघायचा." मग रिक्षा वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर, "बाकीचे तीन जोड उद्या काढायचे. किती मारले ते इचारत नाय म्या, तीन असतील." चाचाकडे तोवर माल आला होता. चारही बोअरना अख्ख्या वायरी आक्कांनी स्वतः मोजून कापल्या आणि माझ्या हाताला एकही लागू दिली नाही.

त्यानंतर शेड वाढलं, सहाच्या चौदा बाया झाल्या. पुढे आक्कांचे गुडघे बसच्या पायऱ्या चढेनात. निरोपाच्या दिवशी मी साडी-नारळ दिला आणि भाषण केलं. एक वाक्य मी घरून ठरवून आलो होतो: तो जोड आक्कांचा नव्हता, माझा होता. पण सेक्रेटरीही आले होते. तोवर ते आमचं नाव आणखी दोन सोसायट्यांना सुचवून बसले होते. मी प्रामाणिकपणा आणि कष्ट यांवर बोललो. टाळ्या पडल्या. आक्काही वाजवत होत्या.

आक्का वारल्याचं कळलं तेव्हा फुलंब्रीला गेलो. आतल्या खोलीत त्यांची मुलगी सुनीता बसली होती. तीही शेंद्र्याला एका कंपनीत वायरींचंच काम करते. बाहेर ओट्यावर गावातली माणसं होती आणि त्यांत तो वॉचमन. तो त्यांच्याच गावचा निघाला.

"त्यानंच गावात येऊन सांगितलं होतं," सुनीता म्हणाली, "आक्काच्या जोडानं मोटर जळली म्हणून. लोकं लई चिडवायचे तिला. म्याबी चिडवायची. आम्हाला पाण्यात जोड नाय म्हणती आन् सोता मारती. ती म्हणायची, झाला आसंल हातून."

घरातसुद्धा आक्कांनी खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावातून गोष्ट वॉचमनकडे आणि वॉचमनकडून सोसायटीत जायला वेळ लागला नसता. मी सुनीताला म्हणालो, "तो जोड मी मारला होता. तुझ्या आईने मारू नका म्हणून सांगितलं होतं."

ती रडली नाही, चिडलीही नाही.

"मंग मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "भाईर बसलेत त्यांलाबी ऐकू जाऊ द्या."

मी उठून दारात गेलो आणि ओट्यावरच्या सगळ्यांना सांगितलं. रविवार, तुकडे, टेप, सेक्रेटरींसमोर गप्प राहिलो ते, सगळं. वॉचमनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जे बोलायला मला दोन मिनिटं लागली, ते ऐकायला आक्का नव्हत्या.