नांदती बाई

शिवाजी पेठेत बायकांचं आधार केंद्र होतं, तिथली तानाबाई म्हणजे तोफ. नवऱ्यानं सवत आणून घराबाहेर काढलं तेव्हा ती रडत बसली नाही. भर चौकात त्याच्या पानपट्टीपुढं उभी राहून तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि तडक केंद्रात स्वयंपाकाला लागली. पुढं केंद्राची राखणही तिच्याकडंच आली. मार खाऊन आलेल्या बाया तिला आक्का म्हणत. पिऊन आलेल्या नवऱ्याची तिच्यापुढं पायरी चढायची टाप नव्हती.

केंद्र चालायचं सरकारी अनुदानावर, आणि सरकारची रीत मोठी सोपी. बाई सासरी परत नांदायला गेली की केंद्रानं काम केलं. नाही गेली, तर केंद्र फुकट जेवू घालतंय. दोन हजार एकची दिवाळी गेली तरी अनुदान आलं नाही, बाया कण्यांवर दिवस काढू लागल्या. तपासणीला आलेले साहेब चहा पीत म्हणाले, "तानाबाई, नांदत्या किती केल्या ते सांगा. वर तेवढंच विचारतात."

त्या वेळी बिद्रीकडची शिवलीला केंद्रात होती. तिचा हात नवऱ्यानंच मोडला होता. हा नवरा, प्रभुलिंग, नेमका साहेबांसमोर उगवला. कपाळाला भस्म, अंगात धुतलेला सदरा. गळ्यातली चांदीची डबी उघडून त्यानं लिंग तळहातावर घेतलं. "शपथ घेतो आक्का, परत बोट लावनार न्हाय."

साहेब खूश झाले. लिंगायत माणूस लिंग हातात घेऊन खोटं बोलत नाही, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल.

शिवलीलानं तानाबाईला आत ओढलं. "आक्का, ते लिंग माझं हाय. त्याचं त्यानं कवाच टाकलंय. हात मोडला त्या राती माझ्या गळ्यातनं तोडून घेतलंय. मला धाडू नगा, जित्ती ऱ्हायची न्हाय मी."

तानाबाईनं ऐकलं, नीट ऐकलं. पण बाहेर साहेब घड्याळ बघत होते. एका पोरीपायी बाकीच्यांच्या डोक्यावरचं छप्पर जायला नको, असं तिनं स्वतःला समजावलं. त्याच छपराखाली आपलंही अंथरूण आहे, हे मात्र तिनं मनातसुद्धा येऊ दिलं नाही.

"बाप्याला एक डाव संधी द्यावी लागती की," ती म्हणाली आणि माहेरवाशिणीची भरावी तशी तिची ओटी भरून तिला वाटेला लावली.

अनुदान आलं. केंद्रात पुन्हा भात शिजू लागला. आणि उन्हाळा लागायच्या आत शिवलीला जळून मेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं प्रभुलिंगनं सांगितलं आणि तेच खरं ठरलं. साहेबांनी निरोप धाडला, बाई नांदताना गेली, आपल्याला तोशीस नाही, उगाच तोंड उघडू नका.

तानाबाईनं नाही उघडलं.

पावसाळा सरल्यावर शिवलीलाची आई रत्नव्वा केंद्रात आली. पाठीमागं धाकटी शांभवी, अगदी बहिणीच्याच चेहऱ्याची.

"आक्का, जावई हिला मागत्यात. बिनहुंड्याचं करतो म्हंत्यात. हिला बाप न्हाय, माझं वय झालं. तुमच्याम्होरं त्यांनी शपथ घेतल्याली. मानूस कसा हाय, तुमी सांगा. तुमी म्हनशिला तसं करतो मी."

खरं तानाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण ते बाहेर पडलं असतं, तर म्हातारी लगेच विचारणार, मग थोरलीला का धाडलीसा? दारुड्यांची सालटी काढणारी तिची जीभ त्या एका प्रश्नाला भ्याली.

"मानूस बरा हाय," ती म्हणाली. "द्या."

रत्नव्वाचा जीव भांड्यात पडला. तिनं शांभवीला पुढं ढकललं आणि पोरगी आक्काच्या पाया पडली.