आधीच लिहून ठेवलेलं स्वागत

आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात एकही कार्यक्रम कधी वाईट झाला नाही. माइक बंद पडो, वक्त्याला स्वतःच्याच भाषणात डुलकी लागो, पाहुणे यजमानांचं नाव चुकीचं घेवोत. विभागाच्या वेबसाइटवर 'बातम्या आणि कार्यक्रम' या पानावर निकाल ठरलेला असायचा: कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. हा उत्साह लिहिणारे गृहस्थ माझ्या समोरच्या टेबलावर बसत. त्यांना सगळे संपन्नराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, ते कुणी वापरत नसे. मी विभागाचे फोन घेते, म्हणून ते मला फोनबाई म्हणत. फिटंफाट.

संपन्नराव किडकिडीत, मान थोडी पुढे आलेली, खिशात कायम कॅमेऱ्याचं झाकण. सभागृह अर्धं रिकामं असलं की ते सगळ्यांना पुढच्या रांगांत कोंबायचे आणि बाजूने, खाली बसून फोटो काढायचे. फोटोत मग गर्दीच गर्दी. निरनिराळ्या देशांचे टेबलावर ठेवायचे छोटे झेंडे त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपले होते. ते घरी नेऊन धुवायचे, इस्त्री करून आणायचे. मला या माणसाचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, दोन्ही एकाच दिवशी.

त्यांची मोठी खोड म्हणजे बातमी ते आदल्या दिवशीच लिहायचे. "होणार काय ते ठरलेलंच असतं, फोनबाई. स्वागत, भाषण, आभार, चहा. आज लिहून वेळ लावून टाकली की उद्या ती आपोआप पानावर येते. नंतर फोटो तेवढा डकवायचा." याला कुणी हरकत घेतली नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडम तर आपण उद्या काय बोलणार आहोत ते बघायला त्यांच्याकडून बातमी मागून घ्यायच्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण विधवा झाल्यावर ते तिच्याकडे राहायला गेले, ते तिथलेच झाले. बहिणीला एकच मुलगी. ती आमच्याच विद्यापीठात शिकत होती. परदेशी विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला पाठवायच्या मुलांत तिचं नाव लागलं, तेव्हा ताई कां कूं करत होत्या. मामाच मागे लागला, जग बघू दे म्हणून. ताई म्हणाल्या, "जग तुझ्या डब्यात इस्त्री करून ठेवलंय की." पण सोडलं त्यांनी तिला.

मुलगी परदेशी गेली आणि ताईंचं दुखणं बाहेर आलं. लिव्हर. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. मुलीची परीक्षा संपेपर्यंत तिला काही सांगायचं नाही, असं ताईंनी बजावलं होतं. परीक्षा संपल्यावर मामाने फोनवर सांगितलं. तोवर सगळ्या मुलांची परतीची तिकिटं काढलेलीच होती. मुलं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांचं स्वागत, पालकांसकट. म्हणजे मायलेकींची गाठ पडते की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो दोन-चार दिवसांवर आला होता.

संपन्नरावांनी स्वागताची बातमी लिहिली, वेळ लावली, रजा टाकली आणि दवाखान्यात जाऊन बसले.

तिकडे, मुलं होती त्या देशात गोळीबार सुरू झाला. विमानतळ बंद. आम्ही आंतरराष्ट्रीय विभाग, पण आम्हाला हे कँटीनमधल्या टीव्हीवरून कळलं. मॅडमनी कार्यक्रम रद्द केला. पालकांना कळवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मुलं हॉस्टेलमध्ये सुखरूप आहेत, काळजी करू नका, असं मी दिवसभर पोपटासारखी सांगत होते. फळं, फुलं, खुर्च्या, सगळं रद्द झालं. बातमी मात्र रद्द करायची कुणाला आठवण झाली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती ठरल्या वेळी पानावर आली. विद्यार्थी सुखरूप परतले. पालकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.

त्यानंतर फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. एक वडील ओरडत होते, "तुमच्याकडे पोचला, मग घरी का नाही आला?" एक आई काही बोलतच नव्हती, नुसती रडत होती, आनंदाने. तिला खरं मलाच सांगावं लागलं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "हे लिहिलं कुणी?" जणू त्यांना माहीतच नव्हतं. संपन्नरावांचा फोन बंद होता. मी पर्स उचलली आणि दवाखान्यात गेले. वाटेत त्यांना काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते.

दारातच थांबले. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पिवळा पडलेला, मोबाइल पांघरुणावर. संपन्नराव स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. विमानतळ बंद झाल्याचं त्यांना कळलं होतं, पण ताईंना त्यांनी विमानाला थोडा उशीर आहे, एवढंच सांगितलं होतं.

ताई म्हणाल्या, "स्वागत झालं म्हणे पोरीचं. पालकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू. माझे कुणी पुसले रे?"

संपन्नरावांचे हात थांबले. बातमीचं त्यांना तेव्हा आठवलं असावं. "येतेय ना ती... सभागृहातून..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनवायचं ते सगळं मी विसरले होते.

मग ते खाली बघत म्हणाले, "ताई, ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. ती तिकडेच आहे. विमानतळ बंद आहे. कधी उघडेल ते कुणालाच माहीत नाही."

"माहितीये मला."

"कसं?"

"फोटो कुठे होता त्यात?"

ताईंनी थोडा वेळ डोळे मिटून दम घेतला.

"आता एक काम कर," त्या म्हणाल्या. "आधी लिहायची सवय आहेच तुला. ती घरी येईल ना, ते लिही. आणि मला वाचून दाखव. तेवढं तरी बघू दे."

संपन्नराव कागद शोधू लागले. माझ्या पर्समध्ये औषधाच्या दुकानाची जुनी पावती होती, पाठकोरी, तीच मी दिली. त्यांनी लिहिलं आणि वाचलं, "परदेशातील यशस्वी शिक्षणानंतर कन्येचे आगमन झाले..."

"अरे, सभागृहात नाही येत ती. घरी येतेय."

त्यांनी खोडलं. "दार उघडताच तिने आईला मिठी मारली."

"ती मिठी मारणारी आहे का? चपला टाकेल, एक इकडे, एक तिकडे. आणि थेट फ्रीज उघडेल. आत डोकं घालून विचारेल, काय आहे खायला? मग मी तिला ओरडेन, चपला आधी नीट ठेव म्हणून."

संपन्नराव लिहीत होते. अक्षर ओळीखाली घसरत होतं.

"आणि उत्साहात नको लिहूस," ताई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सुरुवातीपासून वाचून दाखवलं. ताईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "ही बरी झाली." संत्रं तसंच राहिलं.

विमानतळ उघडायच्या आधी ताई गेल्या.

ऑफिसात मॅडमनी नियम केला की त्यांच्या सहीशिवाय एकही बातमी जाणार नाही. पानावर तांत्रिक अडचणीचा खुलासा आला. संपन्नरावांना त्याचं काही वाटलं असेल असं वाटत नाही. ते झेंड्यांचा डबा उघडायचे, बघायचे, परत बंद करायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मुलं आली तेव्हा स्वागत वगैरे ठेवलं नाही कुणी. संपन्नराव मला म्हणाले, "फोनबाई, तुम्ही याल का? मला एकट्याला जमणार नाही." मी गेले. मुलीला फोनवर सगळं कळलेलं होतं. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मामाने बॅग मांडीवर घेतली होती, डिकीत ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.

त्यांनी कुलूप काढलं. मुलगी आत गेली. एक चप्पल दाराशी सुटली, दुसरी खुर्चीखाली गेली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने फ्रीज उघडला. आत दुधाची एक पिशवी होती आणि कापलेलं अर्धं लिंबू. ती तशीच उभी राहिली, दार धरून.

"मामा," ती म्हणाली, "काय आहे खायला?"

त्या पावतीवर पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनाही. संपन्नराव वाकले, दोन्ही चपला शोधून शेजारी शेजारी ठेवल्या आणि जमेल तेवढा आवाज चढवून म्हणाले, "आधी चपला नीट..."

मुलगी खाली बसली आणि रडू लागली. तेही तिच्याशेजारी फरशीवर बसले. फ्रीजचं दार मी बंद केलं.