दगडाला चिठ्ठी नाही

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. मतदानाला तीन दिवस होते आणि मी कुरुंद्याच्या पुढच्या एका तांड्यावर मतदान केंद्राच्या शाळेचा रॅम्प तपासत होते. व्हीलचेअर चढेल असा उतार, लाईट, पिण्याचं पाणी, संडास. बघायचं, फोटो काढायचे, वर पाठवायचे. माझी मूळ नोकरी कृषी खात्यात. निवडणूक आली की आम्हाला झोनल अधिकारी करतात. म्हणजे काही मतदान केंद्रं आपल्या गळ्यात. तिथं काहीही अडलं की पहिला फोन आपल्याला.

या केंद्राचं आणखी एक काम होतं. आदल्या दिवशी वसमतच्या बैठकीत साहेब म्हणाले होते, "मॅडम, तुमचा तो तांडा प्रत्येक निवडणुकीत तळाला. एवढ्याशा मतांसाठी अख्खी टीम, गाडी, पोलीस. यंदाही तेच झालं तर केंद्र मोठ्या गावाला जोडायचा प्रस्ताव द्या."

"लोक मत का देत नाहीत, साहेब?"

"सवय नाही हो त्यांना. निम्मे तर ऊसतोडीला जातात."

वसमत मतदारसंघाचा इतिहास आमच्याकडे चहाच्या कपाबरोबर मिळतो. कोण कितीदा आलं, कुणी कुणाला पाडलं, कोणतं गाव ऐनवेळी फिरलं, हे टपरीवरचा माणूसही सांगेल. एखाद्या केंद्रावर बायका किती वाजता येतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

रॅम्प ठीक होता. स्कूटी सावलीत लावायला मी वाटेतला एक चपटा दगड पायानं बाजूला सारला.

"ओ मॅडम! नंबर काढला की माझा!"

शाळेच्या भिंतीला नळ होता. पाणी यायचं होतं. नळापासून हंडे, कॅन आणि मधेमधे दगड अशी लांब रांग लागली होती. रांगेत माणूस एकही नव्हता. बायका निंबाखाली बसून गप्पा मारत होत्या. ओरडल्या त्या सोनाबाई. वय साठीच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

"मावशी, दगडाचा कसला नंबर?"

"दगडाचा काहून? माझाच. म्या बसली हितं, दगड उभा हाय तिथं. कोनी हात लावत न्हाई त्याला. तुमीच पहिल्या."

बायका हसल्या. मी दगड जागेवर ठेवला. मग सहज विचारलं, "मतदानाला पण असेच दगड ठेवता का?"

"मंग? दिवसभर कापूस येचायचा अन पुन्हा घंटा-दोन घंटे उभं ऱ्हायचं? गेल्या खेपेला दगड लावून निंबाखाली बसलो. सहा वाजले. तुमचा साहेब भायेर आला, उभ्या होत्या त्यांना चिठ्ठ्या देल्या अन फाटक लावलं. आमी म्हनलं, आमचा नंबर हाय. तं म्हने, दगडाला मत नसते."

"त्याच्या आधीच्या वेळी?"

"तवाबी तसंच. दर खेपेला तेच."

इथं नियम सांगायला हवा. मतदान सहाला संपतं, पण त्या वेळी जे रांगेत असतात त्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या केंद्राचा प्रमुख, रांगेच्या शेवटापासून पुढं सहीच्या चिठ्ठ्या वाटत येतो. मागून नवीन कुणी घुसू नये म्हणून शेवटापासून. रांगेत म्हणजे माणूस रांगेत. दगड नाही. त्या अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं.

मी स्पष्ट सांगितलं. "मावशी, यंदा मतदान कमी झालं तर केंद्र मोठ्या गावाला जाईल."

सोनाबाईंचं हसू गेलं. "वढ्याच्या पलीकडं? मंग माझं मत गेलंच म्हना की. हे गुडघे वढ्यापस्तोरबी जात न्हाईत."

"मग दगड सोडा आणि रांगेत या."

"उभं ऱ्हावत न्हाई म्हनून तं दगड ठिवतो, मॅडम! तुमाला समजून नाई ऱ्हायलं का?"

समजलं होतं. चौथीपर्यंतच्या त्या शाळेत बाकं नव्हती. दुपारच्या खिचडीला मुलं बसतात त्या लांब पट्ट्या होत्या. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, रांग उभीच पाहिजे असं कुठं लिहिलंय का?"

"म्हणजे?"

"बसलेली रांग चालेल ना?"

ते म्हणाले, "शिस्तीत असेल तर चालेल. भांडण झालं तर मला विचारलं नव्हतं."

बुधवारी दुपारी मी सांगितल्याप्रमाणे मुख्याध्यापकांनी पट्ट्या अंथरल्या. पाचच्या सुमारास बायका शेतातून आल्या आणि पंगतीला बसाव्यात तशा एकामागं एक बसल्या. आतली बाई बाहेर आली की सगळ्या बसल्या बसल्या पुढं सरकायच्या. सहाला केंद्राध्यक्ष बाहेर आले. तरुण प्राध्यापक होते, घामाघूम झालेले. एका उमेदवाराचा एजंट लगेच म्हणाला, "सर, ह्या बसलेल्या आहेत. रांगेत कोण आहे?"

"हीच रांग आहे," मी म्हटलं. "सर, मागून सुरू करा."

ते मागून चिठ्ठ्या देत निघाले आणि मधेच थांबले. दोन बायकांच्या मधे पट्टीवर एक दगड होता.

"सुमनचा हाय," सोनाबाई म्हणाल्या. "लेकराला पाजायला घरी गेली. आत्ता येते."

फाटक लागलं होतं. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं.

"दगडाला चिठ्ठी नाही, सर. पुढं चला."

सुमन धावत आली तेव्हा फाटकाबाहेरच राहिली. सोनाबाईंनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. मी ऐकून घेतलं. तो दगड मानला असता तर एजंटनं सगळी रांगच खोटी ठरवली असती. मग सोनाबाई आत गेल्या, मत देऊन आल्या आणि माझ्याकडं न बघता निघून गेल्या. रांग संपायला साडेसात झाले.

माझ्या केंद्रांत तो तांडा यंदा तळाला नव्हता. रात्री साहेबांचा फोन आला. "काय केलंत? कुणी गाड्या लावल्या होत्या का?"

"पट्ट्या लावल्या होत्या, साहेब."

केंद्र आहे तिथंच ठेवावं आणि संध्याकाळी रांगेत बसायची सोय करावी, असा शेरा मी दिला. टक्केवारी कमी दिसली तर लोकांच्या सवयीला नावं ठेवण्याआधी रांग कशी लागते ते बघावं, एवढंच मी यातून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांड्यावर गेले. पट्ट्या झटकून मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिल्या. नळाला पाणी यायचं होतं. सुमन लेकरू कडेवर घेऊन निंबाखाली उभी होती.

"पुढच्या वेळी मतदानाला दगड घरी ठेव आणि लेकराला घेऊन ये," मी तिला म्हटलं. "लेकराला कुणी अडवत नाही."

"अन पान्याला?"

"पाण्याला ठेव."

आणि स्कूटी मी यावेळी दगडांच्या रांगेपासून लांब, उन्हात लावली होती.